हाक पुरी होईपर्यंत

— नाही, 'ओरडली' म्हणू नका, मिस नानकॅरो. तुमच्या बहिणीनं, मॉर्वेनानं, फोनवर तसं सांगितलं असेल. फोनवर माणसं हाताला लागेल तो शब्द उचलतात. या घरात कोणी ओरडत नाही. इथं हाक देतात. — एकच ते? मुळीच एक नाही. बसा, सांगते; मॉर्वेनाला न्यायला आला आहात, तर तिला कशातून काढून नेता आहात हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. ओरडणारा ओरडतो आणि मोकळा होतो. ऐकणारं कोणी असो नसो, त्याचं काम झालं. हाकेचं तसं नाही. हाकेला समोरून 'ओ' यावी लागते. 'ओ' येत नाही तोवर ती अर्धीच — एक टोक बांधलेली आणि दुसरं वाऱ्यावर सोडलेली दोरी जशी. म्हणून ज्या डॉक्टरीणबाईंनी हे घर काढलं, त्यांनी पहिल्याच दिवशी 'मदत' हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला आणि हा आत घेतला. मदत मागावी लागते, आणि मागणाऱ्याची मान खाली असते. हाक नुसती द्यायची असते. — पटतं ना? मला ते पटायला फार वेळ लागला. तर रीत अशी आहे. इथं राहणाऱ्या सगळ्यांचं दुखणं एक, आणि त्याला आम्ही गोंडस नावं देत नाही: आतलं सोसेनासं झालं की ही माणसं स्वतःच्याच अंगाला इजा करतात. ते वाटणं लाटेसारखं येतं, चढतं, आणि कोणी शेजारी बसलं तर ओसरतं. लाट आली की खिडकीतली पितळी घंटा उचलायची आणि वाजवायची. ती ज्याच्या कानी पडेल त्यानं जिथं असेल तिथून 'ओ' द्यायची, हातातलं काम टाकायचं आणि जिथं हाक असेल तिथं जायचं. डोक्याला साबण लावलेला असेल तर साबणासकट. जॅगो एकदा तसाच आला होता — चांगला दांडगा मासेमार, चाळिशी उलटलेला, कमरेला टॉवेल आणि खांद्यापर्यंत फेस — आणि हाक ज्या बेरिलची होती ती त्याला बघून म्हणाली, "अरे पाखरा, मी रडायला बोलावलं होतं रे तुला, तू हे काय करून आलास!" आणि त्या दिवशीची हाक हसण्यावर मिटली. पण एरवी ती मिटायला वेळ लागतो. हाक देणारा 'पुरे' म्हणेपर्यंत कोणी उठत नाही, कोणी घर सोडत नाही. मीसुद्धा नाही. कोणाला बस गाठायची असो, कोणाचा दात ठणकत असो. एवढा एकच कायदा. बाकी कशालाही कुलूप नाही. दुसरीकडे स्वैपाकघराला संध्याकाळी कुलूप घालतात, दारं बंद ठेवतात. इथं एकाही दाराला कुलूप सापडणार नाही तुम्हाला. लागतच नाही. कळतं आहे ना मी काय म्हणते ते? कुलूप लागतच नाही.

तुमचा कोट? तो मी मागं बॉयलरच्या खोलीत वाळत घातला. पिळून काढावा इतका भिजला होता, तुम्ही फाटकापासून दारापर्यंतच आलात तरी. हा आमचा पाऊस असाच, पडतो कमी आणि भिजवतो फार. — किल्ली? गाडीची? कोटाच्या खिशात असेल तर तीही तिथंच आहे, जाते कुठं. तोवर चहा घ्या. हा केशराचा पाव घ्या, बेरिलनं सकाळी भाजला. तिचा हात केशराच्या बाबतीत सढळ आहे, मी तिला सांगते, बाई, हे औषध नव्हे, आणि ती मला सांगते, मिस ट्रेविन, तुम्हाला काय माहीत. — मॉर्वेना वर आहे. आवरते आहे. तिला घाई करायची सवय नाही. आम्ही ती लावली नाही. — तो कप पाहुण्यांचा, म्हणून कोरा आहे. खुंट्यांवरचे मग रहिवाशांचे. 'रुग्णांचे' नव्हे, रहिवाशांचे. रुग्ण इस्पितळात असतात. माणूस इथं येतो त्या दिवशी आपला मग आपल्या हातानं रंगवतो, आणि जातो त्या दिवशी तो बरोबर घेऊन जातो. डॉक्टरीणबाईंचीच ही पद्धत. त्या म्हणायच्या, जाणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं, नाहीतर त्याचे हात आपणहून काम शोधतात. ती लाल नावेची चित्रं जॅगोची, ते पिवळं काहीतरी — ती चिमणी आहे असं बेरिलचं म्हणणं आहे — ते बेरिलचं. तो निळा, पट्ट्यापट्ट्यांचा, टेगनचा. पहिल्या खुंटीवरचा माझा. — हो, कर्मचाऱ्यांचे कप कपाटात असतात. माझा खुंटीवर आहे. कधीचा आहे, राहू द्या. — मॉर्वेनाचा? तो ना, तो हिरवा, त्याच्यावर तिनं एक मांजर… खुंटीवर दिसत नाही. धुवायला गेला असेल.

तुम्हाला हे घर अंधारं वाटतं आहे. वाटू द्या, सगळ्यांना वाटतं. पूर्वी ही पाहुण्यांची खानावळ होती, उन्हाळ्यात लंडनची कुटुंबं यायची, 'सी व्ह्यू' हे नाव त्या दिवसांतलं. समोर सदनिका उभ्या राहिल्या तेव्हापासून समुद्राचा थेंब दिसत नाही. म्हणजे नाव खोटं झालं. पण ते दगडात कोरलेलं, पुसायचं कसं? मी त्याच्याखालून रोज जाते आणि रोज ते मला बोचतं. हसू नका. मी मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवत असे; चुकीचं वाक्य फळ्यावर राहिलं तर मला घास जात नसे. एकदा रात्रीची शिपायाला उठवून — पण ते जाऊ द्या. सांगायचं एवढंच की मी शब्दांना जपते, कारण या घरात शब्दांवर जीव टांगलेले असतात. तुम्ही मघाशी दारात म्हणालात, "मॉर्वेना आता बरी झाली आहे." मी तेव्हाच बोलणार होते. 'बरी झाली' हे तापाचं. ताप उतरतो आणि आपण म्हणतो बरा झाला. मॉर्वेना सावरली आहे. सावरलेलं माणूस म्हणजे काठावर उभं राहिलेलं माणूस. त्याच्या पाठीला कोणाचा तरी हात असतो म्हणून ते उभं असतं. हात कोणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत.

ती आली तेव्हाची तुम्हाला आठवते? तुम्हीच सोडायला आला होतात. तेव्हा ती बाह्या बोटांपर्यंत ओढून बसायची आणि प्रश्न विचारला की पावाच्या कडा खुडायची. पहिली हाक द्यायला आली ती घंटा न वाजवताच. नुसती घंटा हातात धरून या टेबलापाशी उभी राहिली, वाजवायचा धीर होईना. मीच म्हणाले, "वाजव." आणि सगळे आले. तेव्हा ती जी रडली ना, मिस नानकॅरो, तुम्ही तिची सख्खी बहीण, तुमच्यासमोर ती तशी कधी रडलेली नाही. — नाही, मी तुम्हाला दुखवायला सांगत नाही. जे आहे ते सांगते. आता ती या टेबलाशी बसून मला चिडवते. परवा जेवताना म्हणाली, "मिस ट्रेविन, तुम्ही मला एवढं जपता की एक दिवस चांदीच्या चमच्यांबरोबर मखमलीत गुंडाळून खणात ठेवाल." सगळे हसले. मीही हसले. मग मी म्हटलं, चमचे तरी टिकतात. — मी तिला जायला कधीच नाही म्हटलेलं नाही. विचारा तिला. मी म्हटलं, वसंतात जा; नोव्हेंबर हा काही निघायचा महिना नव्हे. तर म्हणते कशी, "गेल्या खेपेलाही तुम्ही वसंतच म्हणाला होतात. कोणता वसंत ते सांगा, मी कॅलेंडरात खूण करून ठेवते." जीभ बघा. ही जीभ तिला इथंच फुटली.

— दुकानात थांबला होतात? मग ते ऐकलंच असेल. मिसेस पॅस्को पावाबरोबर ती गोष्ट फुकट देते. टेगनची. "सी व्ह्यू सोडून गेली आणि थोड्याच दिवसांत बिचारी मेली" — असंच ना? आणि मग आवाज खाली आणून, "त्या घरातून बाहेर पडलं की ती माणसं तगत नाहीत." सगळं गाव असंच सांगतं. मी ते खोडून काढत नाही. का खोडावं? मॉर्वेनानंही ते ऐकलं आहे. ऐकलेलं बरं. जायच्या आधी माणसानं बाहेर काय आहे ते ऐकावं. तुमच्या ट्रुरो शहरात तिला मिळणार त्या खोलीत घंटा वाजवली तर 'ओ' कोण देणार? शेजारी भिंतीवर बुक्की मारेल. — तुम्ही आहात, मान्य. तुम्ही कामावर जाता. तुम्ही झोपता. तुमचं लग्न ठरलं आहे, त्या माणसाचा स्वभाव आहे. मी झोपत नाही, असं बेरिल म्हणते. ते शब्दशः खरं नाही, पण मॉर्वेनाच्या खोलीच्या फळ्या कुठं वाजतात ते मला झोपेतही कळतं. खिडकीपाशी एक, पलंगाच्या पायथ्याशी दुसरी. ती पलंगावरून उठून खिडकीशी गेली की मी जागी. — बोलावं लागतं असं नाही. नुसती जागी असते.

घरवाटपाची कचेरी बंद व्हायच्या आत? ठाऊक आहे मला. आज तिनं स्वतः जाऊन सही करून खोलीची किल्ली घेतली नाही तर ती खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला जाईल. असंच असतं त्यांचं. उन्हाळ्यातली अशीच गेली. — उन्हाळ्यातली. तुम्हाला सांगितलं नाही तिनं? बोडमिन गावातली होती, बरी होती, मागं अंगण होतं. पण त्या दिवशी हाक होती. बेरिलची. बेरिलला कोणी जाणार म्हटलं की लाट येते. बाकीचं सगळं तिनं सोसायला शिकून घेतलं, एवढं एक राहिलं. तिला लहानपणी कोणीतरी एका स्टेशनवर बसवून गेलं होतं, आत्ता येतो म्हणून. ते ती आमच्या डॉक्टरांनाही धड सांगत नाही. ती हाक दुपारभर चालली. मॉर्वेनाची पिशवी त्या तिथं, दाराशी, आणि मॉर्वेना बेरिलचा हात धरून इथं. घड्याळाकडे बघायची नाही ती, हे मी तिच्या बाजूनं सांगेन. एकदाही नाही. मी बघत होते. — कोणाचा काय इलाज? कोणी अडवलं नव्हतं तिला. दार उघडं होतं. मी तुम्हाला म्हटलं ना, कुलूप लागतच नाही.

आज? आज बेरिल ठीक आहे. सकाळी पाव भाजत होती. मी आले, तिच्याशी दोन शब्द बोलले. काय म्हणजे, रोजचंच. म्हटलं, बेरिल, आज जेवायला एक ताट कमी लाव. — एवढंच. आणखी काही नाही. ते तर तिला कळायलाच हवं होतं, नाही का? अंदाज चुकून अन्न वाया गेलेलं मला खपत नाही. तिचे हात पिठात तसेच राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस ट्रेविन, हे तुम्ही मागंही म्हणाला होतात." मी म्हटलं, म्हटलं असेन, ताटं रोज लावायची असतात. तर म्हणाली, "नाही. रोज नाही. उन्हाळ्यात म्हणाला होतात. आणि त्याच्या आधी टेगनच्या वेळी." मग हात पुसले तिनं, एक एक बोट करून, आणि मॉर्वेनाच्या खोलीत गेली. बराच वेळ होती. मी म्हटलं, निरोप घेत असेल. हुंदके ऐकू येतील म्हणून मी जिन्यात थांबले होते जरा; पण आत दोघी कुजबुजत होत्या, आणि मधेच मॉर्वेना हसली. — नाही, चोरून नव्हे. जिन्यात उभं राहणं म्हणजे चोरून ऐकणं नव्हे. जिना माझ्याही वाटेत आहे.

आणि हे बघा, टेबल. मी एक ताट कमी लाव म्हटलं आणि बाईनं एकच लावून ठेवलं आहे. एक ताट, एक काटा, एक ग्लास, माझ्या खुर्चीपुढं. गोंधळ उडाला असेल तिचा. मी म्हणत होते ना, तिला लाट येणार म्हणून. तुम्ही पाहालच. आज तुम्ही इथं आहात ते एका परीनं बरं झालं. एकदा डोळ्यांनी पाहिलंत की तुम्हीच म्हणाल, राहू द्या तिला. सगळे तेच म्हणतात. टेगनचा भाऊ तसंच म्हणाला होता, इथंच, याच खुर्चीत, आधी फार तावातावानं आला होता. मी त्याला चहा दिला. मी त्याला एवढंच विचारलं, तुला तुझ्या बहिणीच्या हाकेला 'ओ' देता येईल का — नेहमी, न चुकता, कंटाळा न करता? खरं सांग. खऱ्याला तो घाबरला. चांगली माणसं घाबरतात. नंतर बसस्टॉपवर तिला भेटायचं ठरलं होतं त्याचं, तो इथूनच परत गेला, म्हणाला वसंतात बघू.

— मला? मला कोण विचारणार? डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी पिशवी घेऊन या दारात उभी होते, शाळेनं माझं सामान मागाहून पाठवलं होतं, आणि बाई म्हणाल्या, ऑनर, किती दिवस राहशील? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तितके. त्या म्हणाल्या, ते मी कशी सांगणार, तुझं तू 'पुरे' म्हणायचं. — मी तुम्हाला हे का सांगते आहे? तुमचा कप रिकामा आहे, आणा इकडं. तर मी राहिले. त्या गेल्या, घर चालवायला कोणीतरी हवं होतं, आणि इथलं सगळं माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तुमच्या मनात येतं आहे ते माझ्याही मनात येऊन गेलेलं आहे, मिस नानकॅरो, तुम्ही काही पहिल्या नाही. पण मी अजून उभी आहे. काठावर नाही, आत, चांगली आत. हे घर सोडलं असतं तर असते का? ज्यानं सोडलं नाही त्याचं काही वाकडं झालं का? दाखवा मला एक माणूस.

घंटा कुठं आहे? खिडकीत असते ती, त्या जिरॅनियमच्या कुंडीशेजारी. तुम्ही उचलली नाहीत ना? नाही, तुम्ही कशाला. तिचं वर्तुळ बघा कसं उमटलं आहे धुळीत. म्हणजे कोणीतरी नेली. बेरिलनं नेली असेल — हो, तिनंच, आधीच हाताशी ठेवली असेल बिचारीनं, येतं आहे असं वाटलं की ती असं करते. मग आता फार वेळ नाही. तुम्ही घड्याळ बघू नका. मॉर्वेनाही बघत नाही.

— श्श. ऐकलंत? सांगत नव्हते मी! बसा, बसा, आता उठण्यात अर्थ नाही, हाक सुरू झाली. ती ऐका, ती वरून जॅगोची 'ओ', बंदरावर घालतो तशी. आणि ही — ही मॉर्वेनाची. तिनं दिली. देणारच. कुठंही असती तरी दिली असती, ती मुलगी तशी आहे, आणि म्हणूनच तर मी म्हणते… आता येतील सगळे खाली. हाक नेहमी इथंच असते, या टेबलाशी, इथं ऊब असते. खुर्च्या ओढा जरा, तुमची तेवढी भिंतीला लावा. आलीच पावलं. जॅगो दोन-दोन पायऱ्या उतरतो. ही मॉर्वेना; ओझं आहे तिच्याजवळ, जड पडतात पावलं. आता वळतील —

पुढं गेली. स्वैपाकघरावरून पुढं गेली ती पावलं. थांबा. घंटा वाजतेच आहे, पण ती घरात वाजत नाही.

सरका जरा, मला खिडकीतून बघू द्या. — फाटकापाशी. बेरिल फाटकाबाहेर उभी आहे, घरातल्या सपाता पायांत, पावसात, तुमच्या गाडीला पाठ टेकून, आणि दोन्ही हातांनी घंटा वाजवते आहे. रडते आहे. खोटी नाही ती हाक. मी तिची खोटी आणि खरी ओळखते, ती खरी आहे. जॅगो तिच्या खांद्यावर तुमचा कोट घालतो आहे. तुमचाच तो. बॉयलरच्या खोलीत गेला केव्हा हा? आणि मॉर्वेना तिच्या पुढ्यात उभी आहे, पिशवी खांद्याला, हातात हिरवा मग. — जिथं हाक असेल तिथं सगळ्यांनी जायचं. नियम तसाच आहे. मी शोधते आहे यात काय मोडलं ते, आणि काहीच मोडलेलं नाही.

बेरिल इकडं बघते आहे. वाजवायची थांबली. ओठ हलताहेत — "मिस ट्रेविन, हाक आहे! ओ द्या!" ऐकू आलं तुम्हाला? मलाही आलं. माझी राहिली आहे ना. सगळ्यांची आली, माझी राहिली. मी तुम्हाला सुरुवातीलाच काय सांगितलं? 'ओ' येत नाही तोवर हाक अर्धी. आणि अर्ध्या हाकेतून कोणी उठून जात नाही. मी देणार नाही. बसा तुम्ही. चहा गार होतो आहे. मी नुसती इथं उभी राहिले, तोंड न उघडता, तरी ती मुलगी त्या फाटकात उभी राहील; उन्हाळ्यात राहिली, आजही राहील. कचेरी बंद होईल. अंधारून येईल. मग ती आत येईल, आणि मी तिला सूप देईन, आणि कोणी कोणाला काही म्हणणार नाही. आम्ही इथं कोणी कोणाला काही म्हणत नाही. — काय? — हो, तिचा मग तिच्या हातात आहे, मीच तर तुम्हाला सांगितलं. — कोणता निळा? तो टेगनचा. मघाशीच नाही का सांगितलं. — हो, माणूस जातो तेव्हा नेतो. — सगळे नेतात. डॉक्टरीणबाईंच्या वेळेपासून एकानंही मागं ठेवलेला नाही.

— तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता, मिस नानकॅरो. माझ्या वर्गात असतात तर मी तुम्हाला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

बघा, मिठी मारली. सोडली. "पुरे" म्हणाली बेरिल. मी ओठ पाहिले तिचे. एवढ्यात? तिची हाक एवढ्यात कधी मिटत नाही. आणि माझी 'ओ' न घेता. माझ्यावाचूनच पुरी केली त्यांनी. वाट बघितली, आणि मग मला सोडून दिलं, पुढं गेले. जॅगो गाडीचं दार उघडतो आहे. मॉर्वेना घराकडे बघत नाही. नाही, बघितलं, नावाच्या दगडाकडे बघितलं, आणि बसली आत.

जा तुम्ही. माझ्याकडे असं बघू नका, जा. किल्ली कोटात आहे, कोट बेरिलच्या अंगावर आहे, मागून घ्या. तिला म्हणावं आत ये, पाय भिजले असतील. तो पाव न्या बांधून, मॉर्वेनाला आवडतो. दार नुसतं लोटून घ्या. आणि वाटेत मिसेस पॅस्कोकडे थांबलात आणि तिनं परत ते सुरू केलं, तर तिला सांगा की ती सांगते ते चूक आहे. सगळं गाव चुकीचं सांगतं, आणि मला त्या दगडाखालून जाताना ते रोज बोचतं. टेगन सी व्ह्यू सोडून गेली म्हणून मेली, असं नाही. तिची पिशवी भरलेली होती, कोट अंगावर होता, आणि हाक पुरी झाली तेव्हा शेवटची बस गेली होती. ती वर आपल्या खोलीत गेली. ती गेलीच नव्हती.